पत्रांची पुस्तकं कुठल्या कपाटात ठेवायची?

वऱ्हाडात पुस्तक सुचवायची एक रीत आहे. पुस्तक समोरच्याच्या हातात ठेवायचं आणि म्हणायचं, "वाचजो, अन् मंग सांगजो मले." पुस्तक थोर आहे की किरकोळ, यावर भाषण होत नाही. वाचायचं काम तुझं आणि वाचून झाल्यावर मला येऊन सांगायचं कामही तुझंच, एवढाच करार. अमरावतीच्या अंबापेठेत आणि अकोल्याच्या रामदासपेठेत हे बोलणं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पुस्तक देणाऱ्याला उत्तर हवं असतं. पत्र लिहिणाऱ्यालाही दुसरं काय हवं असतं?

म्हणूनच एका गोष्टीचं मला वाईट वाटतं. इथल्या वाचणाऱ्या माणसांना विचारा की पत्रांतून सांगितलेलं, मन हलकं करणारं, रात्री निजताना चार पानं वाचता येतील असं एखादं पुस्तक सांगा. उत्तरं ठरलेली येतात. साने गुरुजींची 'सुंदर पत्रे'. नेहरूंनी इंदिरेला लिहिलेली पत्रं. जरा जास्त वाचलेला असेल तर जी. ए. कुलकर्णी यांच्या पत्रांचे खंड. त्यापुढे गाडी सरकत नाही. मराठीत पत्रांची पुस्तकं कमी आहेत म्हणून असं होतं, हे मला मान्य नाही. पत्रं वाचायची कशी याची सवय आपल्याला एका विशिष्ट बाजूने लागली, आणि त्या सवयीने ही पुस्तकं चुकीच्या कपाटात जाऊन बसली, असं माझं म्हणणं आहे. आपण पत्रांना पुरावा मानतो. ती गोष्ट म्हणून वाचायला हवीत.

ही सवय कुठून आली ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे एकूण बावीस खंड झाले. माळ्यावरच्या दप्तरांत, उंदरांनी कुरतडलेल्या रुमालांत जी पत्रं पडून होती ती त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केली. ते काम इतकं मोठं आणि इतकं पवित्र होतं, की त्यानंतर पत्र म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे साधन उभं राहू लागलं. तारीख कोणती, मुक्काम कुठला, लढाईत कोण कुठे होतं. आमच्या वऱ्हाडाच्या वाट्यालाही पत्रं आली ती अशीच. २९ नोव्हेंबर १८०३ला अकोला जिल्ह्यातल्या आडगावला लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि या दोन्ही जागा जगाच्या ग्रंथालयांत पोचल्या त्या इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या खलित्यांमधून. यादव माधव काळ्यांनी 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिला तेव्हा त्यांनाही अशा कागदांचाच आधार होता. इतिहासकारांचं हे ऋण मी मानतो. पण त्या ऋणाच्या ओझ्याखाली पत्रातली माणसं दबून गेली.

ग्रंथालयात जाऊन पाहा. अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयात जा, किंवा तालुक्याच्या गावातल्या एखाद्या 'ब' वर्गाच्या वाचनालयात जा. आपली बहुतेक वाचनालयं कादंबरी, कथा, कविता, नाटक, चरित्र, संकीर्ण अशा रांगांवर चालतात. पत्रसंग्रह येतो तो चरित्राच्या रांगेत, नाहीतर संकीर्णात. संध्याकाळी येणाऱ्या बाया, निवृत्त मास्तर, बँकेतून परस्पर येणारी माणसं कादंबरीच्या कपाटापाशी थांबतात. चरित्राच्या कपाटापाशी जातो तो स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, आणि त्याला तारखा हव्या असतात. ज्याला पत्र वाचून आनंद झाला असता तो त्या कपाटापाशी जातच नाही.

याचा सगळ्यात मोठा तोटा झाला तो वामन मल्हार जोशी यांना. त्यांची 'इंदू काळे व सरला भोळे' ही कादंबरी १९३४ची. संपूर्ण कादंबरी पत्रांत आहे. ती तर कादंबरीच्याच कपाटात असते, मग तिचं काय बिघडलं? बिघडलं ते असं, की तिलाही आपण पुराव्यासारखंच वाचलं. वामन मल्हारांचे विचार काय होते, कला आणि नीती यांच्या वादात ते कुठल्या बाजूचे, स्त्रीशिक्षणाबद्दल त्यांना काय वाटत होतं, याचा पुरावा म्हणून. एम.ए.च्या अभ्यासक्रमातून ती तात्त्विक कादंबरी म्हणून ओळखली गेली, आणि तात्त्विक म्हटल्यावर दुपारी पंख्याखाली पडून कोण वाचणार? पण जरा उलट बाजूने विचार करा. वाद पत्रात का घातला असेल? समोरासमोरच्या संवादात एक पात्र पानभर बोललं की ते व्याख्यान वाटतं. पत्रात माणूस पानभर बोलतोच. तो हक्क त्याला पत्र देतं. शिवाय पत्राला उत्तर येईपर्यंत मधे काळ जातो, आणि त्या काळात माणूस बदलतो. आपण मोठ्या आवेशात लिहिलेलं पत्र पोस्टात पडल्यावर आपलंच मत डळमळीत होऊ शकतं, हे ज्याने कधी पत्र लिहिलं आहे त्याला माहीत असतं. दोन मैत्रिणींची ही कादंबरी त्या मधल्या काळात घडते. लेखक मधे येऊन सांगत नाही की ही बरोबर आणि ती चूक. ज्या माणसाने कर्व्यांच्या महिला विद्यापीठात आयुष्य शिकवण्यात घालवलं, त्याने शिक्षकाचा आवाज बाजूला ठेवून बायकांना आपापसांत बोलू दिलं. नव्वद वर्षांपूर्वीच्या मराठी पुरुष लेखकाकडून हे धाडस झालं, याचं मला फार मोल वाटतं.

आता जी.एं.कडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. जी.ए. धारवाडला राहिले, इंग्रजी शिकवत राहिले, माणसांच्या गर्दीपासून दूर राहिले. 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तोही त्यांनी परत केला. असा माणूस पत्रांत मात्र मोकळेपणी बोलत होता. त्यांच्या निवडक पत्रांचा पहिला खंड हा सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. आणि सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रं 'प्रिय जी.ए.' या वेगळ्या पुस्तकात आहेत. म्हणजे एक संवाद आणि त्याचे दोन अर्धे दोन वेगळ्या जिल्दींत. बहुतेक वाचक त्यातला एकच अर्धा वाचतात. कुणी म्हणतं जी.ए. वाचले, कुणी म्हणतं सुनीताबाई वाचल्या. मी लोकांना सांगत असतो की ही दोन पुस्तकं एकेकटी वाचू नका. दोघी मैत्रिणी असाल, नवरा-बायको असाल, बापलेक असाल, तर एकाने एक घ्या आणि दुसऱ्याने दुसरं. तारखा जुळवा. एकाने पत्र मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने त्या पत्राचं उत्तर शोधून मोठ्याने वाचावं. कधी उत्तर सापडेल, कधी त्याची फक्त चाहूल लागेल, कधी एखाद्या प्रश्नाला समोरच्याने हातच लावलेला नाही असं दिसेल. असं वाचलं की त्या पानांमधून दोन अतिशय बुद्धिमान, हट्टी, एकमेकांना जपणारी माणसं उभी राहतात. कुठल्याही कादंबरीत याहून वेगळं काय घडतं?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. खासगी पत्रं वाचणं बरं का? जी.एं.सारख्या माणसाची वाचणं तर अजिबातच बरं नाही, असं मला एका ज्येष्ठ मित्राने सांगितलं होतं. मी त्यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, पत्रं पुरावा म्हणून वाचणाराच खासगीपणावर जास्त घाला घालतो. तो शोधत असतो की कुठल्या समकालीनाबद्दल काय लिहिलं, कुणाची निंदा केली, दोघांच्या नात्याचं नाव काय. गोष्ट म्हणून वाचणारा असलं काही खणत नाही. त्याला दोन माणसांमधलं अंतर कमी होताना आणि पुन्हा वाढताना पाहायचं असतं. पात्राला जेवढा आदर आपण देतो तेवढा तो त्या माणसांना देतो. ज्यांची पत्रं रीतसर निवडून छापली गेली, त्यांच्याशी वागायची हीच सभ्य रीत आहे.

पत्रांच्या पुस्तकात गोडवा कुठून येतो, यावरही आपला घोळ आहे. गोड विषय म्हणजे गोड पुस्तक असं आपण धरून चालतो. साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेल्या पत्रांचंच घ्या. त्यात सण आहेत, फुलं आहेत, पाऊस आहे, म्हणून ती गोड वाटतात असं सगळे म्हणतात. तोच पाऊस गुरुजींनी निबंधात लिहिला असता तर इतका भिडला नसता. सुधाला काय माहीत आहे, तिला काय आवडेल, कुठे ती थांबून विचारेल, हे धरून लिहिलं म्हणून तो भिडतो. नेहरूंनी १९२८च्या उन्हाळ्यात अलाहाबादहून मसुरीला, दहा वर्षांच्या मुलीला पृथ्वी कशी झाली ते लिहिलं. ते भूगोलाचं पुस्तक झालं नाही, कारण प्रत्येक पानावर ती मुलगी समोर बसलेली आहे. कुणाला तरी उद्देशून असणं, हा त्या गोडव्याचा उगम. आपल्याकडे ही गोष्ट सातशे वर्षांपूर्वीच कळलेली होती. चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं, की ज्ञानाने मोठा म्हणून तीर्थरूप लिहावं, हे ठरेना, म्हणून त्यांनी कोरा कागद पाठवला, अशी परंपरा सांगते. समोरचा माणूस आपला कोण हे ठरल्याशिवाय एक अक्षर लिहिता येत नाही. आणि त्या कोऱ्या कागदाचं उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या. मराठीतलं पहिलं मोठं पत्र हे न लिहिलेल्या पत्राचं उत्तर आहे. 'चांगदेव पासष्टी' तत्त्वज्ञानाच्या कपाटात असते. मी ती पत्रांच्या कपाटात पहिली ठेवीन.

पुस्तकं सुचवण्याबद्दल बोलतोच आहोत तर हेलेन हॅन्फचं '८४, चेरिंग क्रॉस रोड' सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. न्यूयॉर्कची एक फारसे पैसे नसलेली लेखिका आणि लंडनचं जुन्या पुस्तकांचं एक दुकान, यांचा १९४९पासून वीस वर्षं चाललेला पत्रव्यवहार. ती पुस्तकं मागवते, दुकानातला फ्रँक डोएल शोधून पाठवतो. युद्धानंतरच्या लंडनात रेशन चालू, तर ही तिकडून दुकानातल्या माणसांसाठी हॅम आणि अंडी पाठवते. १९६८मध्ये डोएल वारला. दोघांची भेट कधीच झाली नाही. पुस्तक लहान आहे, एका बैठकीत संपतं. पण मला त्यातून जे मिळालं ते असं, की डोएल कधीही सर्वोत्तम पुस्तकांची यादी पाठवत नाही. या बाईला कुठली आवृत्ती आवडेल, हे त्याला माहीत असतं आणि तेच तो हुडकतो. आपण मात्र हल्ली दहा पुस्तकांची यादी सगळ्यांना एकदम देऊन टाकतो. ती यादी कुणालाही उद्देशून नसते, म्हणून तिचं उत्तरही येत नाही.

आता एक पुस्तक जे आमच्या अगदी शेजारी आहे आणि तरी आम्हा मराठी वाचकांना दिसत नाही. अमरावती, अकोला, बाळापूर, अचलपूर ही उर्दू वाचणारी, उर्दू शाळांची गावं आहेत. तिथल्या शेल्फांवर मौलाना अबुल कलाम आझादांचं 'गुबार-ए-खातिर' असतं. १९४२च्या ऑगस्टमध्ये आझाद नगरच्या किल्ल्यात बंदी झाले. तिथून त्यांनी आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रं लिहिली, जी तेव्हा पाठवता येत नव्हती, आणि पाठवता येत नाहीत हे ठाऊक असून लिहिली. स्वातंत्र्यलढ्याचा एवढा मोठा नेता, आणि पत्रांत काय आहे? पहाटेचा चहा कसा करावा. कोठडीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी झालेलं युद्ध आणि नंतरची मैत्री. महाराष्ट्राच्या मातीत लिहिलेलं हे पुस्तक आपल्याकडच्या चार मराठी वाचकांनाही सुचवलेलं मी पाहिलं नाही. एखाद्या उर्दू शिक्षकाने संध्याकाळी वाचून दाखवावं आणि थोडं थोडं मराठीत सांगावं, एवढंच त्याला हवं आहे. दोन गल्ल्यांमधलं अंतर याने कमी होईल की नाही मला माहीत नाही, पण चहाच्या त्या पत्रावर दोन्ही गल्ल्यांतली माणसं एकत्र हसतील याची खात्री आहे.

इथे कुणी म्हणेल, पत्रं ही शिकलेल्यांची चैन. वऱ्हाडातल्या किती घरांत पत्र लिहिता येत होतं? गावात पोस्टमन पत्र आणायचा आणि तोच वाचून दाखवायचा. सासरहून लेकीने लिहिलेलं पत्र आधी सासऱ्याच्या हातात पडायचं, म्हणून तिने त्यात खरं काही लिहायचंच नाही. हे सगळं खरं आहे आणि पत्रांच्या युगाबद्दल हळवं होणाऱ्यांनी ते विसरू नये. त्यात आणखी एक अडचण. बोलायचं वऱ्हाडीत आणि पत्र लिहायला बसलं की तीर्थरूप, शिरसाष्टांग, लोभ असावा. शाळेने शिकवलेला तो साचा अंगावर चढला की माणसाचा आवाज बदलायचा. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक जशी बोलते तसं पत्र वऱ्हाडात क्वचितच लिहिलं गेलं असेल. पण उद्देशून बोलणं इथे कधी थांबलं नव्हतं. जात्यावरच्या ओव्या बहुतेक वेळा भावाला, आईला, विठ्ठलाला उद्देशून असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती सांगावा धाडला जायचा. आणि जिथे लिहिता आलं तिथे काय ताकदीने लिहिलं गेलं, ते सावित्रीबाई फुल्यांच्या जोतीरावांना लिहिलेल्या पत्रांत पाहावं. १८६८च्या पत्रात गाव ज्यांच्या जिवावर उठलं होतं अशा एका जोडप्याला त्या वाचवतात, १८७७च्या पत्रात जुन्नर भागातल्या दुष्काळाचं वर्णन करतात. आपण ती पत्रं समाजसुधारणेचा दस्तऐवज म्हणून जपली, चांगलं केलं. पण १८६८चं पत्र एकदा मोठ्याने वाचून पाहा. सुरुवात, मधे येणारं गाव आणि बाईचा ठाम आवाज असलेली ती पुरी गोष्ट आहे.

मोठ्याने वाचण्यावर माझा इतका भर का, तर वऱ्हाडचा कान तयार आहे म्हणून. गाडगेबाबांच्या कीर्तनाने, तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा कान घडवला. ज्याला पुस्तक हाती धरवत नाही तोही इथे ऐकायला बसतो. अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं टीव्हीवरच्या कार्यक्रमात एक पोस्टमन वाचून दाखवायचा, तेव्हा गप्पा बंद करून सगळं घर ऐकत असे. त्यांचं पुढे 'पत्रास कारण की' हे पुस्तक झालं. पत्राला आजही श्रोता आहे, याचा आणखी काय दाखला हवा?

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय वऱ्हाडात पत्रांबद्दल लिहिणं मला अप्रामाणिक वाटेल. १९ मार्च १९८६ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने सहकुटुंब जीवन संपवलं, आणि मागे चिठ्ठी राहिली. त्यानंतरच्या वर्षांत आमच्या जिल्ह्यांच्या वर्तमानपत्रांत सगळ्यात जास्त छापली गेलेली पत्रं म्हणजे अशा चिठ्ठ्याच असतील. सरकारला उद्देशून, कधी बायकोला, कधी पोरांना. अशा प्रदेशात बसून गोड पत्रांची पुस्तकं काय सुचवता, असं कुणी विचारलं तर मी त्याला उडवून लावणार नाही. मला एवढंच दिसतं की त्या चिठ्ठ्या अशा वेळी लिहिल्या गेल्या जेव्हा उत्तराची वाट पाहायची ताकद संपली होती. माणूस माणसाला लिहितो, सांगतो, विचारतो, आणि समोरून काहीतरी येतं, ही साधी देवाणघेवाण जिथे जिवंत राहील तिथे ती राहू द्यावी. पुस्तक कर्ज फेडत नाही. पण आठवड्यातून एका संध्याकाळी चार माणसं एकमेकांना ऐकतात, ही गोष्ट आमच्या गावांत आता सहज मिळत नाही.

मग करायचं काय? वाचनालयांनी एक कप्पा वेगळा काढावा आणि त्यावर 'पत्रं' एवढंच लिहावं. त्यात 'चांगदेव पासष्टी', लोकहितवादींची 'शतपत्रे', पंडिता रमाबाईंचा 'इंग्लंडचा प्रवास', जो मुळात १८८३चं एक लांबलचक पत्रच आहे, 'इंदू काळे व सरला भोळे', गुरुजी, जी.ए. आणि सुनीताबाई शेजारी शेजारी, आणि आझादांचं उर्दू पुस्तक. प्रत्येक पुस्तकात मागच्या वाचकाने पुढच्याला लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी ठेवावी, वऱ्हाडीत लिहिली तर फारच उत्तम. सुचवणाऱ्याने नाव घालावं आणि कुणासाठी सुचवतो आहे तेही लिहावं. सासरहून सुट्टीला आलेल्या लेकीसाठी, बापाशी न बोलणाऱ्या पोरासाठी, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यासाठी.

राहिला प्रश्न प्रतींचा. वामन मल्हारांची कादंबरी आता दुकानात मागितली तर सहजी मिळत नाही, वाचनालयातली प्रत पिवळी पडलेली असते. वामन मल्हार १९४३मध्ये गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे २००३च्या अखेरीपासून ही कादंबरी कुणालाही छापता येते. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ साली अमरावतीत झाली, आणि अकोल्याने १९१२मध्येच हरि नारायण आपट्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरवलं होतं. साहित्याची एवढी जुनी ओढ असलेल्या या भागातल्या एखाद्या महाविद्यालयाने किंवा छोट्या प्रकाशकाने मोठ्या अक्षरात, प्रत्येक पत्र नव्या पानावर, पाठवणारीचं आणि घेणारीचं नाव वर ठळक, अशी आवृत्ती काढावी. दोन जणींना दोन बाजूंनी मोठ्याने वाचता येईल अशी. मुद्रितशोधनाला माणूस हवा असेल तर मी येतो.